पंखाखालची वस्ती

खटाव तालुका संपून कडेगाव तालुका जिथे सुरू होतो, त्या माळावर माझ्या मामांचा ऊस आहे. बांधाच्या अलीकडे सातारा जिल्हा, पलीकडे सांगली. वळवाचा पहिला दणका बसला की पुढच्या सात-आठ संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना एकच काम असते, भुंगेरे झाडायचे. दिवस मावळला की ओल्या मातीतून तपकिरी भुंगेरे भणभणत वर येतात आणि बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. तिथेच त्यांच्या जोड्या जमतात, तिथेच पाल्याचे जेवण होते. आकडी लावलेल्या काठीने फांदी गदागदा हलवायची, खाली पडलेले वेचायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. एक मादी सुटली तर मातीत पन्नास-साठ अंडी, आणि श्रावण-भाद्रपदात उसाच्या बुडाशी तेवढ्या हुमण्या. पिवळ्या पडलेल्या उसाला हात घातला की अख्खे बेट मुळांविना हातात येते. ज्याने ते एकदा अनुभवले, त्याला भुंगेऱ्याची दया येत नाही.

एका वर्षी मामांनी मोबाइलच्या उजेडात एक भुंगेरा उताणा केला. पायांच्या बेचक्यात आणि पोटाच्या कडेला राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक, बदामी रंगाचे काहीतरी सरसरत होते. कडक पंख नखाने उचलला तर त्याखालीही तेच. “ह्येला बी गोचिडं लागल्यात की रं,” मामा म्हणाले. आणि पाठोपाठ, “मग ही आपल्या बाजूची म्हणायची, का त्येच्या?”

“बघून सांगतो, मामा,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. तो भुंगेरा मात्र बादलीत न टाकता एका बाटलीत घातला.

मामांचे फारसे चुकलेले नव्हते. ती गोचिडे नव्हती, पण गोचिडाची भावकी होती. आठ पायांचे, कोळ्याच्या गणगोतातले हे जीव. इंग्रजीत त्यांना माइट म्हणतात. मराठीत म्हणायला गेलो की पंचाईत होते. गुरांच्या अंगावर असेल तर आपण गोचीड म्हणतो. वांग्याच्या पानामागे जाळी करून रस शोषत असेल तर कृषी खात्याच्या पत्रकात तो लाल कोळी होतो. माणसाच्या कातडीत शिरला तर त्याला नाव मिळतच नाही, आपण फक्त खरूज म्हणतो. या जिवांच्या जगात आजवर पन्नास हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि आपल्या बोलीत त्यांतल्या नावाच्या मानकरी ठरल्या त्या आपले रक्त, दूध किंवा पीक घेणाऱ्या. बाकीच्यांचे खातेच उघडले नाही. म्हणजे नावे निसर्गाने दिली नाहीत, आपल्या खतावणीने दिली. मला या लेखात एवढेच म्हणायचे आहे की ‘परजीवी’ हा शब्दही त्याच खतावणीतला आहे. तो जिवाचा स्वभाव सांगतो असे आपण समजतो. खरे तर तो एका वेळचा, एका जागेचा व्यवहार सांगतो, आणि तो व्यवहार कुणाच्या बाजूने मोजला हे झाकून ठेवतो.

बांडगुळाचेच पाहा. आपल्याकडे राजकारणातल्या शिव्यांत हा शब्द पहिल्या पाचांत असेल. साखर कारखान्याच्या निवडणुकीत तर त्याच्याशिवाय सभा पुरी होत नाही. आंब्यावरचे बांडगूळ झाडाचे पाणी आणि क्षार चोरते हे खरे, पण त्याची पाने हिरवीगार असतात आणि आपले अन्न ते स्वतः उन्हात शिजवते. त्याची फळे फुलटोच्या खातो, बी दुसऱ्या फांदीवर नेऊन चिकटवतो. ऑस्ट्रेलियात संशोधकांनी एका रानातली बांडगुळे मुद्दाम काढून टाकून पाहिली, तर तीन वर्षांत तिथल्या पक्ष्यांच्या जाती स्पष्टपणे घटल्या. आंबेवाल्याने म्हणून बांडगूळ ठेवावे असे मी म्हणणार नाही. त्याचे नुकसान खरे आहे. पण आंबेवाल्याचे खाते आणि रानाचे खाते ही दोन खाती आहेत, आणि शिवी फक्त पहिल्यातून निघते.

आता भुंगेऱ्यांकडे. सर्वांना ठाऊक असलेला भुंगेरा म्हणजे शेणकिडा. गुरे चरून गेलेल्या पायवाटेवर शेणाच्या ताज्या पोवर तो घोंगावत येतो. कुणी गोळा करून ढकलत नेतात, कुणी पोखाली भुयार करून शेण आत ओढतात. या किड्याला उताणा केला तर त्याच्याही पोटाखाली बदामी माइट दिसतात. बघणारा म्हणतो, बिचाऱ्याला पिडतात. पण यांतले मॅक्रोकेलिस कुळातले माइट किड्याचे काही खात नाहीत. त्यांना पंख नाहीत आणि शेणाची पो दोन-चार दिवसांत वाळून जाते. दुसऱ्या ताज्या पोपर्यंत चालत जायचे तर आयुष्य संपेल. म्हणून ते शेणकिड्याला धरून बसतात, एसटीच्या टपावर बसावे तसे, आणि नवी पो आली की उतरतात. उतरल्यावर त्यांचे खाणे म्हणजे माशांची अंडी आणि नुकत्याच फुटलेल्या अळ्या. त्याच शेणावर किड्याच्या पिल्लांनाही जगायचे असते, आणि माशांच्या अळ्या हे त्यांचे वाटेकरी. तेव्हा टपावरच्या फुकट्या प्रवाशाने भाडे वेगळ्या रीतीने चुकते केले असे म्हणायला हरकत नाही. अर्थात टपावर किती बसले यालाही मर्यादा असते. फार झाले तर किड्याला उडणे जड जाते.

या प्रवाशांची खरी गंमत घडली ती ऑस्ट्रेलियात. १७८८ साली गोऱ्यांनी तिथे गुरे नेली. तिथल्या शेणकिड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय, गाईच्या पातळ पोचे करायचे काय हे त्यांना कळेना. शेण माळावर तसेच वाळत राहिले आणि त्यावर माशा माजल्या. हंगेरीत जन्मलेल्या जॉर्ज बॉर्नेमिझा या कीटकतज्ज्ञाने १९६० च्या दशकात सरकारी संशोधन संस्थेतून मोठी योजना उभी केली आणि आफ्रिका-युरोपातून शेणकिडे आणवले. आणताना काळजी ही, की किड्यांबरोबर रोग किंवा नको ते पाहुणे येऊ नयेत. म्हणून पूर्ण वाढलेले किडे न नेता त्यांची अंडी नेली, तीही औषधाच्या पाण्यात वरून धुऊन. धुण्यात माइट गेले. शेण साफ होऊ लागले, माशांचा प्रश्न मात्र हवा तेवढा सुटेना. पुढे १९८० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतून माइटची एक जात वेगळी मागवून सोडावी लागली. आधी धुऊन टाकले तेच नंतर विकत आणले!

मला या गोष्टीत ऑस्ट्रेलियाची फजिती दाखवायची नाही. अंडी धुणे शहाणपणाचेच होते, कारण आलेल्यांत खरा रोग असता तर? माझा मुद्दा वेगळा आहे. धुणाऱ्याच्या डोक्यात किडा म्हणजे एक आणि त्याच्या अंगावरचे म्हणजे मळ, अशी सरळ विभागणी होती. आपल्याकडेही ती आहे. कृषी महाविद्यालयात मुलांना कीटकसंग्रह करावा लागतो. भुंगेरा मारायच्या बाटलीत पडला की अंगावरचे माइट सुटून तळाशी साचतात. मग भुंगेरा ब्रशने साफ करून, टाचणी टोचून, नाव लिहून पेटीत जातो आणि तळातला भुसा मोरीत. त्या भुशात भुंगेऱ्याची निम्मी कहाणी असते. पेटी छान दिसते, एवढे खरे.

आणि आपल्या गोठ्यातली एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती पुढे राहून जाईल. गाईच्या गोचिडांवर जी इंजेक्शने दिली जातात, त्यांतल्या आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा मोठा भाग शेणावाटे बाहेर पडतो आणि काही दिवस त्या शेणात शेणकिड्याच्या अळ्या वाढू शकत नाहीत. गोचिडाने त्रासलेल्या जनावराला औषध द्यायचे नाही असे कोण म्हणेल? पण गाईच्या अंगावरचे आठ पायांचे मारताना शेणातले सहा पायांचे मरतात आणि त्यांच्या टपावर बसून जाणाऱ्यांची गाडी बंद पडते, हे औषधाच्या खोक्यावर नसते.

हुमणीच्या भुंगेऱ्यावरची वस्ती याहून निराळी. आपल्या भागात शेतकरी दोन हुमण्या वेगळ्या ओळखतो: कृष्णा-वारणेच्या काठची, जिचे शास्त्रीय नाव ल्युकोफोलिस लेपिडोफोरा, आणि माळावरची, म्हणजे होलोट्रॅकिया सेराटा. टेंभू योजनेचे पाणी कऱ्हाडजवळून उपसून कडेगाव-खानापूरच्या माळावर आले तसा ऊसही माळावर चढला. लावण, मग खोडवा, मग निडवा. तीन-तीन वर्षे रान नांगरले जात नाही. नांगरामागून बगळे आणि साळुंक्या हुमण्या वेचत जायच्या ते आता क्वचितच दिसते. हुमणी वाढली ती तिच्या दुष्टपणामुळे वाढली नाही, आपण तिला बारमाही मुळे आणि न उलथलेली माती दिली.

अशा मातीत वाढणाऱ्या भुंगेऱ्यांवर जगभर सापडणारे माइटचे एक कुळ आहे, सॅन्कासानिया. त्यांच्या वाढीत मध्येच एक अवस्था येते, जिच्यात त्यांना चालते तोंडच नसते. खालच्या बाजूला चिकटण्यासाठी चोषके असतात, बस्स. या अवस्थेत ते हुमणीला किंवा भुंगेऱ्याला चिकटतात आणि वाट पाहतात. ज्याला तोंडच नाही त्याला रक्तपिपासू कसे म्हणायचे? पण साधू म्हणायचीही घाई नको. धनी मेला की हे जागे होतात, कात टाकतात, तोंड येते आणि त्याच्या कलेवरावर जेवण सुरू होते. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे ही म्हण मराठीत नुसती निंदेसाठी आहे. इथे तिचा अक्षरशः अर्थ जगणारा जीव आहे, आणि त्याने धन्याला मारलेले नसते. वारस म्हणावे तर रक्ताचे नाते नाही, आणि चोर म्हणायला मेलेल्याचे काय चोरणार?

मामांचा प्रश्न इथे खऱ्या अर्थाने अडतो. आपण हुमणीवर आता जैविक उपाय करतो. मेटारायझियम नावाची बुरशी शेणखतातून टाकतो. सूत्रकृमी सोडतो, त्यांतली हेटरोरॅबडिटिस इंडिका ही जात १९९२ मध्ये नोंदली गेली ती कोइमतूरच्या नमुन्यांवरून. डोळ्यांना न दिसणारी ही सूत्रकृमी हुमणीच्या अंगात शिरते, बरोबरचे जिवाणू सोडते, आणि दोन-तीन दिवसांत हुमणी विटकरी रंगाची होऊन मरते. आपल्या खतावणीत सूत्रकृमी जमेच्या बाजूला. हुमणी खर्चाच्या बाजूला. मग हुमणीच्या अंगावर बसणारा माइट? शत्रूच्या अंगावर बसतो म्हणजे आपला असणार. पण तुर्कस्तानातल्या संशोधकांनी हुमणीच्याच गोतातल्या एका भुंगेऱ्यावरचे सॅन्कासानिया माइट घेऊन प्रयोगशाळेत पाहिले, तर ते सूत्रकृमींना चवीने खात होते. म्हणजे शत्रूच्या अंगावर बसलेला, शत्रूला न मारणारा, शत्रू मेला की त्यालाच खाणारा, आणि आपण सोडलेल्या सैन्याचाही फडशा पाडणारा. शत्रूचा शत्रू तो मित्र, हे चाणक्याच्या नावावर खपणारे गणित इथे दोन पायऱ्यांतच कोसळते.

कुणी म्हणेल, म्हणजे तुमच्या मते खरा परजीवी कुणी नाहीच? आहे, आणि त्याच्याबद्दल मला कसलाही गोडवा नाही. ढालकिड्यांवर, म्हणजे मावा खाणाऱ्या त्या ठिपक्यांच्या लाल भुंगेऱ्यांवर, युरोपात कॉक्सिपोलिपस हिपोडॅमी नावाचा माइट आढळतो. तो कवचपंखाच्या आतल्या बाजूला तोंड खुपसून रक्तरस पितो. नर-मादी एकत्र आले की त्याची पिल्ले एका अंगावरून दुसऱ्या अंगावर सरकतात, म्हणजे हा गुप्तरोगच. लागण झालेली मादी अंडी घालते, पण काही आठवड्यांत ती अंडी वांझ निघू लागतात. मादी जिवंत, हिंडतीफिरती, आणि वंश बंद. यापेक्षा परजीवी आणखी काय असते? पण पुढे पाहा. आशियातून गेलेला हार्लेक्विन ढालकिडा युरोपात माजला आणि स्थानिक ढालकिड्यांना हुसकावू लागला, तेव्हा याच माइटकडे संशोधक त्याच्यावरचा उपाय म्हणून आशेने पाहू लागले. जीव तोच, तोंड खुपसणे तेच. एका भुंगेऱ्यावर बसला तर रोग, दुसऱ्यावर बसला तर औषध. आपल्या तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागांत पिठ्या ढेकणावर सोडतात तो क्रिप्टोलिमस हाही ढालकिडाच, १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला. उद्या असा एखादा माइट त्याला लागला तर आपला बागाईतदार कुठला शब्द वापरेल हे सांगायला नको.

आतापर्यंतची उदाहरणे वेगवेगळ्या माइटची होती. एकच माइट, एकच भुंगेरा, आणि तरीही नाते उलटे, असे होते का? केंब्रिजमध्ये मेलेले उंदीर-पक्षी पुरून त्यावर पिल्ले वाढवणाऱ्या भुंगेऱ्यांवर याचा कसून अभ्यास झाला आहे. हे भुंगेरे आपल्या माळावर नाहीत, थंड मुलखातले आहेत. त्यांच्या अंगावर माइट असतात आणि कलेवरापाशी पोचले की उतरतात. स्युआन-ज्युन सुन आणि रेबेका किल्नर यांनी २०२० मध्ये दाखवले की हवामान भुंगेऱ्याला मानवणारे असले आणि तो स्वतःच माशांचा बंदोबस्त करू शकला, तर माइट त्याच्या पिल्लांच्या वाट्याचे खाऊन नुकसान करतात. तेच तापमान वर किंवा खाली गेले, भुंगेरा माशांपुढे कमी पडला, की माइट माशांची अंडी फस्त करतात आणि भुंगेऱ्याची पिल्ले वाचतात. थर्मामीटरचा पारा हलला आणि परजीवीचा पाठीराखा झाला. माइटने विचार बदलला नाही. त्याला विचार नसतोच, तो आपला खातो आहे. बदलला तो हिशेब.

महाबळेश्वरच्या मधपाळांना यातली एक बाजू फार पूर्वीपासून ठाऊक असणार. तिथल्या मध संचालनालयाने वाढवलेली, आणि २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झालेल्या मांघरच्या पेट्यांत असते ती आपली सातेरी माशी. व्हरोआ नावाचा माइट तिच्या कुळाचा जुना सोबती. माश्या एकमेकींच्या अंगावरून तो ओढून काढतात आणि तो बहुतेक नरांच्या कोषांत अडकून राहतो, म्हणून वसाहत चालत राहते. हाच माइट युरोपी माशीवर गेला आणि जगभर पेट्यांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. गेल्या शंभर वर्षांत मधमाशीवर आलेले बहुधा सर्वांत मोठे संकट ते. व्हरोआ तोच होता. घर नवे होते, आणि त्या घराला त्याची सवय नव्हती.

इतके झाल्यावर कृषी खात्याच्या भित्तिपत्रकाकडे वळतो. डावीकडे शत्रुकीड, उजवीकडे मित्रकीड, मध्ये रेघ. मी या पत्रकाची टिंगल करणार नाही, कारण सांगलीने त्याचा उपयोग पाहिला आहे. २००२ च्या जुलैत सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांमागे कापूस लावल्यासारखा लोकरी मावा दिसला, आणि बघता बघता साताऱ्यात, कोल्हापुरात, पुण्यात, खाली कर्नाटकात पसरला. खालच्या पानांवर काजळी धरली. बारा फुटी उसात फवारणार कसे? शेवटी तो आवरला तो मोठ्या प्रमाणात डिफा नावाच्या पतंगाच्या अळीने आणि मायक्रोमस या तपकिरी पंखांच्या किड्याने. लोकांनी डिफाच्या अळ्या-कोष असलेली पाने कापून एका रानातून दुसऱ्या रानात नेली. आसामहून आणलेली एन्कार्सिया ही चिमुकली गांधीलमाशीही सोडली गेली. ‘मित्रकीड’ हा शब्द तेव्हा लोकांच्या तोंडी आला नसता तर पाने कापून नेण्याऐवजी कदाचित सगळेच औषध मारत बसले असते. शब्दाने काम केले, हे मान्य.

पण त्याच शब्दाने आपल्याला आळशीही केले. लोकरी मावा ओसरला तशी डिफाची आठवणही ओसरली. मित्र म्हणून मान दिला तो कामापुरता. आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना न बसणारे, म्हणजे मातीतले, शेणातले, पंखाखालचे बहुसंख्य जीव पत्रकात आलेच नाहीत. सूत्रकृमी टाकूनही हुमणी आटोक्यात आली नाही की शेतकरी म्हणतो औषध बोगस, विकणारा म्हणतो वापर चुकला. बुडाशी मेलेली हुमणी उकरून, तिच्या अंगावर कोण जेवतोय हे भिंग लावून पाहायचे दोघांच्याही मनात येत नाही, कारण पत्रकात तिसरा रकाना नाही.

याच्या उलट टोकाची माणसेही मला सोसत नाहीत. निसर्ग आपला तोल सांभाळतो, आपण ढवळाढवळ करू नये, असे ती शहरातल्या गच्चीवरून सांगतात. माळावर बारमाही ऊस लावला तेव्हाच तोल ढळला, आणि तो आपण ढाळला. आता हुमणी मारायची का नाही असे विचारले तर मारायची, यात दुमत नाही. पुढच्या वळवाला काठी घेऊन मी पुन्हा कडुनिंबाखाली असेन. मारताना तिच्याबरोबर काय काय बादलीत जाते, ते एकदा उताणे करून पाहू, एवढीच माझी मागणी आहे. ती करायला पाच रुपयांचे भिंग पुरते असे लिहिणार होतो. आता पाच रुपयांत भिंग मिळत नाही, पन्नास धरा.

बाटलीतला भुंगेरा पाच दिवस जगला. कडुनिंबाचा पाला घातला होता, त्याने थोडा खाल्ला, मग तळाशी निपचित पडून राहिला. मेल्यावर दोन दिवस काहीच झाले नाही, बदामी ठिपके तेवढे इकडून तिकडे फिरत राहिले. त्यांच्यापैकी काही मोठे, चपळ, काचेवर चढणारे. मग चौथ्या दिवशी पोटाच्या सांध्यांतून पांढुरके, सुस्त, टपोरे असे काहीतरी बाहेर येऊ लागले. ते आधी दिसलेच नव्हते. सातव्या दिवसापर्यंत भुंगेरा पिठात लोळवल्यासारखा झाला, आणि ते पीठ हलत होते. एका भुंगेऱ्यावर कमीत कमी दोन बिऱ्हाडे होती, आणि बादलीपाशी आम्ही दोघांनी पाहिले ते त्यांतले एकच.

मामा आले तेव्हा मी बाटली त्यांच्या हातात दिली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती डोळ्याजवळ धरली, बराच वेळ फिरवली.

“मग? कुणाची निघाली?”

“भुंगेरा जिता होता तवर ह्यातल्या काहींनी त्याला हात लावला नाही, मामा. मेल्यावर खाल्ला.”

“आन् आपण सोडल्याल्या त्या सूत्रकृमी?”

“त्याही खात असतील.”

मामा हसले नाहीत. “माझ्या भावकीगत हाय की समदं,” म्हणाले, आणि बाटली घेऊन गोठ्याकडे निघाले. उकिरड्यावर ओततील असे मला वाटले. ते उकिरड्यापाशी थांबलेही. मग काय वाटले कुणास ठाऊक, झाकण घट्ट पिळले आणि बाटली वळचणीला, ऊन लागणार नाही अशी, ठेवून दिली.